खसखशीच्या दाण्याएवढा इतिहास

मराठीत खसखस पिकते ती हशाची. सभेत वक्त्याने एखादा चिमटा काढला की श्रोत्यांत खसखस पिकली, असे आपण सहज लिहून जातो. खसखशीचे वाळलेले बोंड कानाशी धरून हलवले तर आतले असंख्य दाणे अगदी तसाच दबका आवाज करतात. पण आम्ही पडलो माळव्यातली मराठी माणसे. आमच्या मुलखात खसखस खरोखरीच पिकत आली आहे, आणि तिच्या पिकण्याची कथा मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

दिवाळीच्या फराळात अनारशाला मान असतो तो त्याच्या जाळीमुळे आणि एका बाजूला थापलेल्या खसखशीमुळे. हा पांढुरका दाणा अफूच्या बोंडात तयार होतो, हे बहुतेक घरांतल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. मुद्दाम कोणी बोलत नाही इतकेच. दिवाळी सरली, हवेत गारवा आला, की अंगणातल्या वाफ्यात किंवा गच्चीवरच्या कुंड्यांत आपण पॉपी पेरतो. ती पॉपीही याच कुळातली. म्हणजे फराळाच्या ताटात, फुलबागेत आणि नशेच्या बाजारात वावरणारे हे एकच घराणे आहे. माझ्या इंदूरच्या घरामागे पॉपीचे दोन वाफे असतात. माघ महिन्यात ते फुलले की आल्यागेल्याचा प्रश्न ठरलेला : "काका, ही अफू तर नव्हे ना?" 'नव्हे' एवढे उत्तर एका शब्दात देता येते. पण हा प्रश्न माळव्यात इतक्या सहजपणे का सुचतो, याचे उत्तर द्यायचे तर दोनशे वर्षे मागे जावे लागते.

कुळ आणि नावे

आधी कुळाची ओळख करून घेऊ. अफूच्या झाडाचे शास्त्रीय नाव 'पापावर सोम्निफेरम', म्हणजे झोप आणणारी पॉपी. युरोपातल्या गव्हाच्या शेतांत तणासारखी उगवणारी तांबडी पॉपी ही 'पापावर रोइआस'. आपण वाफ्यात लावतो त्या बहुरंगी 'शर्ली' पॉपीचे मूळ या तणातच आहे. पिवळ्या-केशरी वाटीसारख्या फुलांची कॅलिफोर्नियाची पॉपी ही चुलत घरातली. तिचे पान बडीशेपेसारखे चिरलेले असते आणि बोंडाऐवजी लांबट शेंग धरते. याच कुळातली एक मंडळी बोलावल्याशिवाय आपल्या बांधावर येऊन बसली आहे. ती म्हणजे पिवळा धोत्रा. आमच्याकडची हिंदी बोलणारी माणसे त्याला 'सत्यानाशी' म्हणतात. मूळचे हे मेक्सिकोचे तण. त्याचे बी मोहरीत मिसळले गेले की तेल विषारी होते. १९९८ साली दिल्लीत त्यामुळे अनेकांचे प्राण गेले, हे पुष्कळांना आठवत असेल.

'अफू' हा शब्द आपल्याकडे अरबी 'अफ्यून'वरून आला आणि तो अरबीत ग्रीकांकडून गेला. ग्रीक भाषेत त्याचे मूळ 'रस' या अर्थाच्या शब्दात आहे. आपल्या वैद्यांनी त्याला 'अहिफेन', म्हणजे सापाचा फेस, असे भारदस्त संस्कृत रूप दिले. नाव जुने वाटते खरे, पण चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत अफूला स्थान नाही. ती नंतरच्या वैद्यकग्रंथांत येते. अकबराच्या काळात मात्र ती इकडे चांगलीच रुजली होती. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त रब्बीच्या पिकांवरील सारा सांगताना गहू-हरभऱ्याच्या पंगतीत अफूही बसलेली दिसते. जहांगीर बादशहाने तर स्वतःच्या अफूसेवनाची कबुली आत्मचरित्रात देऊन ठेवली आहे.

या झाडाची एक खुबी लक्षात ठेवली पाहिजे. झोप आणणारे द्रव्य असते ते हिरव्या बोंडाच्या सालीतल्या चिकात. दाणा पिकतो तो बोंड सुकता सुकता, आणि त्यात ते द्रव्य जवळजवळ नसते. म्हणून एकाच बोंडातून चीक निघतो तो औषधाला किंवा व्यसनाला, आणि नंतर दाणे निघतात ते अनारशाला. झाड एकच, माणूस त्याच्याकडे काय मागायला जातो त्यावर पुढचे सारे ठरते.

माळव्याची काळी माती

अफूला लागते सुपीक, ओल धरणारी जमीन, विहिरीचे पाणी, कोरडी थंडी आणि राबणारे पुष्कळ हात. यांपैकी माळव्यात काहीच कमी नव्हते. दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरणी, पौष-माघात पांढरी-जांभळी फुले, आणि फाल्गुनाच्या आगेमागे चिरा देण्याचे दिवस. दुपारनंतर बारीक पात्यांच्या हत्याराने बोंडावर उभ्या रेघा ओढायच्या, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घ्यायचा, आणि दोन-तीन दिवसांनी त्याच बोंडाला पुन्हा चिरा द्यायचा. चिरा खोल गेला तर चीक आत पाझरून बोंड वाया जाते, उथळ राहिला तर हाती काही लागत नाही. त्यात मध्येच अवकाळी पाऊस आला तर वर्षाची मेहनत धुऊन जाते. मंदसौर-नीमचकडे चिरा देण्याआधी शेतात कालिकेची पूजा करतात. त्या पूजेत श्रद्धेबरोबर या साऱ्या धाकधुकीचाही वाटा असावा.

हे पीक माळव्यात जुनेच होते, पण त्याचे सोने झाले ते चीनमुळे. ईस्ट इंडिया कंपनीला चीनचा चहा हवा होता आणि त्या बदल्यात द्यायला चांदीखेरीज फारसे काही नव्हते. चीनमध्ये १७२९ सालीच अफूविरुद्ध बादशाही हुकूम निघालेला. पण चोरट्या वाटेने माल खपतो हे कंपनीला कळून चुकले होते. १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत कंपनीने बंगाल-बिहारच्या अफूचा मक्ता आपल्याकडे घेतला. पुढे पाटणा आणि गाझीपूर येथे तिचे कारखाने उभे राहिले. तिकडचा शेतकरी कंपनी ठरवील त्या भावाने कंपनीलाच अफू द्यायला बांधलेला होता.

माळवा मात्र त्या मक्त्याबाहेर होता. इथे राज्य होते शिंद्यांचे, होळकरांचे, पवारांचे, म्हणजे मराठी सत्तेचे. शेतकरी पिकवी, सावकार आगाऊ रक्कम देई, व्यापारी माल उचली, आणि वाटेतल्या नाक्यांवर संस्थानी जकात बसे. कच्ची अफू वाळून कडक होऊ नये म्हणून ती अळशीच्या तेलात ठेवीत. मग तिच्या वड्या करून पेट्या भरत. एका पेटीत साधारण १४० पौंड, म्हणजे ६३ किलोच्या आसपास माल असे. बंगालच्या मालापेक्षा हा स्वस्त पडे. कंपनीच्या डोळ्यांत तो सलू लागला, यात नवल नाही.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि शेजारी महूला इंग्रजांची छावणी पडली. शाळेत आपण इथपर्यंत शिकतो. यानंतर काय झाले ते सहसा शिकवले जात नाही. माळव्यावर इंग्रजांचा वरचष्मा आला, पण माळव्याची अफू काही त्यांच्या मुठीत येईना. प्रथम कंपनीने स्वतःच बाजारात उतरून माल खरेदी करून पाहिला. त्याने भाव वाढले, आणि भाव वाढले म्हणून पेरा वाढला. मग १८२० ते १८३० या दशकात संस्थानिकांशी करार करून लागवड व वाहतूक रोखण्याचा प्रयत्न झाला. होळकरांना करार करावा लागला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी मात्र मान तुकवली नाही, आणि माळव्यातला मोठा मुलूख त्यांचाच असल्यामुळे हा बांध फुटकाच राहिला.

या काळात माळव्याच्या अफूने धरलेली वाट नकाशावर बोट ठेवून पाहण्यासारखी आहे. उज्जैन-मंदसौरहून सरळ मुंबईस जावे तर कंपनीचा मुलूख आडवा येई. म्हणून उंटांचे तांडे निघत ते उलट दिशेला. राजस्थानातल्या पालीवरून जैसलमेर, तिथून वाळवंट ओलांडून सिंधमधली कराची, आणि कराचीहून गलबतांत चढून पुन्हा दक्षिणेला पोर्तुगीजांच्या दमण बंदरात. दमणहून जहाजे मकावला जात. सरळ वाटेऐवजी एवढा मोठा वळसा घालूनही व्यापाऱ्याला नफा उरे. पलीकडे केवढी मागणी होती याची यावरूनच कल्पना यावी.

शेवटी कंपनीने हट्ट सोडला आणि हिशेब मांडला. १८३० च्या सुमारास ठरले ते असे, की माळव्याची अफू खुशाल मुंबईवरून जावी. मात्र दर पेटीमागे कंपनीचा परवाना घ्यावा. परवान्याचा दर प्रथम १७५ रुपये ठेवला, पण तो जास्त वाटून पुष्कळ माल कराची-दमणच्याच वाटेने जात राहिला. तेव्हा १८३५ मध्ये तो १२५ रुपयांवर आणला. मग १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकला आणि कराचीची पळवाट बंद झाली. लगेच दर २०० रुपये झाला, १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४००. सिंधच्या स्वारीची कारणे इतिहासकार अनेक सांगतात. पण तिच्यानंतरच्या चार वर्षांतले हे आकडे वाचले की वाळवंटातल्या त्या उंटवाटेचा विसर पडत नाही. रणांगणावर मिळालेल्या विजयाचे जकातीत रूपांतर किती चटकन होते, याचे इतके उघड उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

मुंबई, दमण, मकाव

१८३० नंतर चीनला जाणाऱ्या पेट्यांत माळव्याचा वाटा निम्म्याच्या आसपास जाऊन पोहोचला. हा सारा माल मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हातून जाई, आणि आपण ज्या मुंबईचा अभिमान बाळगतो तिच्या बांधणीत या पैशाचा भाग मोठा आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांचे नाव सर्वांनाच माहीत आहे. जे. जे. रुग्णालय, कला शिकवणारी जे. जे. संस्था, त्यांच्या पत्नी आवाबाई यांच्या देणगीतून झालेला माहीमचा बंधारा, या सर्वांचे पुण्य मोठेच. पण जमशेटजींच्या संपत्तीचा मुख्य झरा चीनशी होणारा कापसाचा आणि अफूचा व्यापार हाच होता. त्यांच्याबरोबर या धंद्यात मोतीचंद अमीचंद होते आणि रोजेरियो द फारिया हे मूळचे गोव्याचे व्यापारीही होते. दमण आणि मकाव दोन्ही पोर्तुगीजांची असल्यामुळे फारियांसारख्या माणसाचा तिथला वशिला मोलाचा ठरे. आमच्या गोव्याच्या वाचकांनी म्हणून ही हकिगत केवळ माळव्याची समजू नये.

पलीकडच्या तीरावर काय चालले होते? चीनमध्ये हमालापासून अंमलदारापर्यंत लोक अफूच्या नळीला चिकटले होते आणि देशातली चांदी बाहेर वाहत होती. बादशहाने लिन झेशू या करड्या अधिकाऱ्याला कँटनला पाठवले. त्याने १८३९ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांना कोंडून त्यांच्याकडून वीस हजारांहून अधिक पेट्या वसूल केल्या आणि जून महिन्यात समुद्रकाठी खड्डे खणून, चुना व मीठ घालून, त्या नष्ट केल्या. त्या मालात माळव्याच्या काळ्या मातीतला मालही होताच. इंग्लंडने यावर युद्ध पुकारले. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. १८५६ ते १८६० या काळात दुसरे युद्ध झाले आणि त्यानंतर अफूचा व्यापार चीनमध्ये राजरोस सुरू झाला. आपल्या मंदसौरच्या शेतकऱ्याने कँटन कधी पाहिले नाही, आणि कँटनच्या हमालाने मंदसौरचे नावही ऐकले नसेल. तरी एकाच्या पोटाची आणि दुसऱ्याच्या नाशाची गाठ बोंडावरच्या एका चिऱ्याने बांधली गेली होती.

आपल्या माणसांत याविरुद्ध बोलणारे कोणी नव्हते असे नाही. दादाभाई नौरोजी यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर लिहिताना या व्यापाराचा कडक शब्दांत धिक्कार केला आहे. खुद्द इंग्लंडमध्ये १८७४ साली अफूव्यापार बंद करण्यासाठी एक संस्था निघाली. तिच्या रेट्यामुळे १८९३ मध्ये राजेशाही आयोग नेमला गेला, तो हिंदुस्थानात फिरला, शेकडो साक्षी झाल्या, आणि १८९५ मध्ये निष्कर्ष निघाला तो असा, की चालले आहे ते फारसे वाईट नाही! सरकारी जमेत जमीनमहसुलाखालोखाल ज्याची गणना एके काळी होई, ते उत्पन्न सोडणे सोपे नव्हते. घरच्या घरीही अफूचे प्रस्थ होते. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवीत. 'अफूची गोळी' हा शब्दप्रयोग आपण आज राजकारणाच्या टीकेत अलंकार म्हणून वापरतो. त्या माउल्यांना तो अलंकार नव्हता.

इंदूरची तराजू

आता आमच्या इंदूरकडे वळू. परवान्याची पद्धत आली तशी इंदूरला इंग्रजांची अफूची कचेरी बसली. पेट्या काट्यावर चढत, वजन होई, शुल्क भरले जाई आणि माल मुंबईकडे सुटे. काट्याभोवती पेढ्या आल्या, हुंड्या आल्या, आणि हुंड्यांमागून सट्टा आला. चीनमध्ये भाव काय फुटणार यावर इंदुरात पैजा लागत. १८७० मध्ये दुसरे तुकोजीराव होळकर यांनी खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले, ही गोष्ट इथल्या प्रत्येक मराठी घरात अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगण्याजोगीच आहे. खजिन्यातल्या रुपयावर पिकाचे नाव कोरलेले नसते. पण त्या काळच्या माळव्यात रोख पैसा आणणारे सर्वांत मोठे पीक कोणते होते, हे त्या गोष्टीत कधीच येत नाही. नर्मदा ओलांडून, घाट चढून रेल्वे इंदूरला आली, आणि तिने कापूस-गव्हाबरोबर अफूच्या पेट्याही वाहिल्या.

१९०७ मध्ये इंग्लंड आणि चीन यांच्यात करार झाला. दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने निर्यात बंद करावयाची होती. प्रत्यक्षात १९१३ मध्येच हिंदुस्थानातून चीनला अफू पाठवणे थांबले. बंद होऊ घातलेल्या मालाचे भाव मधल्या काळात भडकले आणि इंदूरच्या काही सटोडियांनी त्यात अमाप पैसा कमावला. सर सेठ हुकुमचंद यांचे नाव त्यांत अग्रभागी घेतले जाते. हा पैसा पुढे कापडगिरण्यांकडे वळला, आणि अफूचे इंदूर गिरण्यांचे इंदूर झाले. त्याच सुमारास, १९१५ साली, इथे महाराष्ट्र साहित्य सभा स्थापन झाली. आपली ग्रंथालये, नाट्यगृहे, शाळा या सर्वांचा इतिहास आपण शताब्दीच्या स्मरणिकांतून आवर्जून लिहितो. मात्र ज्या बाजारपेठेच्या भरभराटीत हे शहर वाढले तिच्यातल्या मुख्य जिनसाचे नाव त्या स्मरणिकांत मला क्वचितच आढळले आहे. संस्थानची कामगिरी सांगताना आपण पागा, तोफखाना, वाडे, घाट सांगतो. जकातीचा नाका सांगत नाही. तोफखान्याचा पगार नाक्यावरून येत असे, तरीही.

फुलासाठी फूल

ज्या वर्षांत इंदूरच्या काट्यावर पेट्या चढत होत्या, त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये एका साध्या धर्मोपदेशकाने पॉपीकडे निराळ्या नजरेने पाहिले. क्रॉयडनजवळच्या शर्ली गावचे रेव्हरंड विल्यम विल्क्स यांना १८८० साली आपल्या बागेच्या कडेला, शेताला लागून, तांबड्या रानपॉपीचा एक ताटवा दिसला. त्यात एकाच फुलाच्या पाकळ्यांना बारीक पांढरी किनार होती. त्यांनी तेवढ्याच फुलाला खूण करून त्याचे बी राखले. पुढच्या वर्षी सुमारे दोनशे रोपांतून चार-पाच रोपे किनारीची निघाली. त्यांतून पुन्हा निवड केली. असे वर्षानुवर्षे चालले. मधला काळा डाग हळूहळू नाहीसा करून त्यांनी पांढऱ्या तळाची, पिवळ्या केसरांची, गुलाबी, शेंदरी, पांढऱ्या रंगांची पॉपी सिद्ध केली आणि तिचे बी मागेल त्याला वाटले. आज आपण बियांच्या दुकानातून जी 'शर्ली' आणतो ती हीच. माळव्याच्या शेतकऱ्यानेही पिढ्यान्‌पिढ्या निवडच केली होती, पण ती जास्त चीक देणाऱ्या बोंडाची. निवडीचे कसब दोघांचेही सारखेच. एकाच्या पाठीशी सावकार उभा होता आणि दुसऱ्याच्या पाठीशी कोणीच नव्हते, एवढाच काय तो फरक.

वाफ्यात पेरताना

पॉपी लावू इच्छिणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. पेरणी दिवाळीनंतर, रात्री थंड होऊ लागल्या की करावी. इंदूर-ग्वाल्हेरकडे कार्तिकाच्या आरंभी, बेळगाव-वडोदऱ्याकडे थोडे मागाहून. गोव्याच्या दमट हवेत ही फुले रुसतात. तिथे कुंडीतच नशीब अजमावावे. वाफा उन्हाचा असावा आणि पाणी साचू नये. आमच्या काळ्या मातीत थोडी वाळू मिसळावी लागते. शेणखत जुने, पूर्ण कुजलेले आणि बेताचेच घालावे. खत जास्त झाले की पानेच माजतात.

बी इतके बारीक, की चिमटीतून सुटले की एकाच जागी शेकडा पडते. म्हणून चमचाभर बियांत वाटीभर कोरडी बारीक वाळू मिसळून हलक्या हाताने फोकावे. वरून माती लोटू नये. बियांना उजेड लागतो. फळीने किंवा तळहाताने नुसते दाबावे. पाणी बारीक छिद्रांच्या झारीने द्यावे, नाही तर सारे बी एका कोपऱ्यात वाहून जाते. आठ ते पंधरा दिवसांत हिरवी नखे दिसतात. या रोपाला सोटमूळ असते आणि ते हललेले त्याला खपत नाही. त्यामुळे वाफ्यातून उपटून दुसरीकडे लावण्याचा नाद सोडावा; पेरायचे तिथेच वाढवायचे. रोपे दोन इंचांची झाली की मन घट्ट करून विरळणी करावी आणि दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावे. ज्याला विरळणी जमत नाही त्याची पॉपी काडीसारखी वाढते आणि लवकर लोळते.

माघात कळ्या येतात त्या मान खाली घातलेल्या. फुलण्याच्या आदल्या दिवशी मान सरळ होते, सकाळी हिरवे दोन टोप गळून पडतात आणि चुरगळलेल्या रेशमासारख्या पाकळ्या उलगडतात. फूल टिकते दोन-तीन दिवस. बोंड धरू न देता खुडत राहिले तर बहर महिनाभर चालतो. फुलदाणीत ठेवायचे असेल तर उमलू लागलेली कळी पहाटे खुडून देठाचे टोक क्षणभर ज्योतीवर धरावे, म्हणजे चीक बाहेर पडत नाही. शेवटची काही बोंडे मात्र झाडावरच वाळू द्यावीत. बोंडाच्या टोपीखाली बारीक खिडक्या उघडतात आणि वाऱ्याने ते हलले की मिठाच्या डबीतून मीठ पडावे तसे बी सांडते. हे बी मातीत वर्षानुवर्षे निजून राहू शकते आणि जमीन उकरली की जागे होते. पहिल्या महायुद्धात तोफांनी उकरलेल्या फ्लँडर्सच्या शेतांत तांबडी पॉपी एकाएकी उसळली ती यामुळेच.

आता कायद्याचे. हे सगळ्यांनी, विशेषतः परदेशातल्या मुलांकडून बी मागवणाऱ्यांनी, नीट वाचावे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार 'पापावर सोम्निफेरम' ही जात परवान्याशिवाय लावणे गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. एक झाड असो वा शेत असो, शोभेसाठी असो वा चिकासाठी. परदेशी बियांच्या पाकिटांवर हीच जात 'पिओनी पॉपी' किंवा 'ब्रेडसीड पॉपी' अशा गोंडस नावांनी, भरगच्च दुहेरी पाकळ्यांच्या चित्रासह येते. पाकिटाच्या मागे शास्त्रीय नाव पाहावे. 'सोम्निफेरम' दिसले तर ते पाकीट उघडू नये. स्वयंपाकघरातली खसखसही हौसेने वाफ्यात टाकू नये; ती त्याच जातीची. ओळख सोपी आहे. अफूचे पान निळसर-राखी, गुळगुळीत, मेणचट, आणि देठाशिवाय खोडाला मिठी मारून बसलेले असते. बोंड लिंबाएवढे होते. शर्लीचे पान हिरवे, चिरलेले, लवदार; दांडा बारीक आणि केसाळ; बोंड करवंदाहून फारसे मोठे नाही. शर्ली, कॅलिफोर्निया आणि आइसलँडची पॉपी या तीन हौसेला पुरेशा आहेत.

परवान्याची अफू आजही मंदसौर, नीमच, रतलाम आणि शेजारच्या राजस्थानात, तसेच उत्तर प्रदेशाच्या काही भागांत पिकते. परवाने देणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे, हाही इतिहासाचा एक योगायोगच. तो चीक नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो आणि त्यातून मॉर्फिन, कोडीन यांसारखी औषधे होतात. कर्करोगाच्या शेवटच्या वेदनांत तळमळणाऱ्या माणसाला ज्या गोळीने झोप लागते, तिचे मूळ याच बोंडात आहे. तेव्हा झाडाला दोष देऊन आपली सुटका होत नाही.

मला वाटते, माळव्यातल्या मराठी माणसाने आता एक काम हाती घ्यावे. शिंदे-होळकरांचा दप्तरी कारभार मराठीत, मोडी लिपीत चालला. कमाविसदार, फडणीस, सावकार यांच्या वंशजांच्या घरी माळ्यावर, पेट्यांतून, लाल कापडात बांधलेली बाडे अजून आहेत. घर पाडून इमारत उभी राहते तेव्हा ती रद्दीत जातात, कारण घरात मोडी वाचणारे कोणी उरलेले नसते. त्या बाडांत जकातीचे आकडे आहेत, शेतकऱ्याला दिलेल्या आगाऊ रकमा आहेत, उंटांचे भाडे आहे. इंग्रजांच्या कागदांतून लिहिलेला अफूचा इतिहास लंडनला आणि मुंबईला पुष्कळ सापडतो. त्या शेतकऱ्याचा आणि त्या नाक्यावरच्या कारकुनाचा इतिहास सापडला तर तो मराठीतच सापडेल. या दिवाळीत साफसफाई करताना असे एखादे बाड हाती आले तर ते बांधून पुन्हा माळ्यावर टाकू नका आणि रद्दीवाल्यालाही देऊ नका. मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवा. त्यातून आपल्या पूर्वजांचे नाव उजळेलच असे नाही, पण आपण राहतो ते शहर कशावर उभे राहिले हे आपल्याला आपल्याच भाषेत वाचता येईल.